सात रट्टे

धारगळच्या गोकुळदास परबाचा उजवा हात माणसाआधी गावाला ठाऊक होता. सातवीत असताना त्या हाताने मास्तरांच्या पुतण्याचे दोन दात पाडले. अठराव्या वर्षी शिगम्याच्या मेळात कोणीतरी पाठीमागून धक्का दिला, तेव्हा त्याने गळ्यातला ढोल काढला, नीट तुळशीपाशी टेकवून ठेवला आणि मग त्या माणसाचं डोकं वृंदावनावर आपटलं. ढोल फुटू नये एवढी अक्कल त्याला रागातही असायची. हे सांगताना गावातले म्हातारे अजून कौतुकाने हसतात. ज्याचं डोकं आपटलं तो हसत नाही.

पुढे तो टिपर चालवायला लागला. डिचोलीच्या खाणींचे ते भरभराटीचे दिवस. रस्ता लाल, झाडं लाल, माणसांच्या पापण्या लाल, आणि खनिज भरून जेटीवर न्यायला टिपरांच्या लांबच लांब रांगा. रांगेतला नंबर म्हणजे जीव की प्राण. एका सकाळी गौरेश नावाच्या ड्रायव्हरने त्याच्या पुढे गाडी घुसवली. गोकुळदासने उतरून काही विचारलंच नाही. सीटखालची टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी कांब, बाहेर काढली आणि गौरेशच्या डाव्या कानावर हाणली. एकदाच. गौरेश रस्त्यावर आडवा झाला. रस्ता मुळातच लाल, त्यामुळे किती रक्त गेलं ते कोणाला नीट कळलंही नाही. तो वाचला, पण डावा कान कायमचा गेला.

प्रकरण गावाने मिटवलं. आमच्याकडे माणसं सहीशिक्क्याला फारशी भीत नाहीत, देवापुढच्या शब्दाला भितात. देवळाच्या मानकऱ्यांनी, म्हणजे गावकरांनी, गोकुळदासला देवळात उभा केला, पुढ्यात नारळ ठेवला, नारळावर त्याचा उजवा हात ठेवला, आणि ते सांगतील तसं त्याने म्हटलं, "आजपासून परक्या माणसाक मारूक हात उचललंय, तर ह्यो हात हंयच लुळो पडो." घंटा वाजली. त्याची बायको शेवंती बायकांच्या घोळक्यात, चार वर्षांच्या सायलीला कडेवर घेऊन उभी होती. तिने सगळी शपथ कान देऊन ऐकली. 'परक्या' हा शब्द आला तेव्हा तिने पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

गोकुळदासने शपथ पाळली. वरवर नव्हे, मनापासून पाळली. हात लुळा पडणार यावर त्याचा उन्हापावसावर असतो तेवढा विश्वास होता. बाजारात कोणी अंगावर आलं तर तो दोन्ही हात खिशात घालून चालू लागायचा. लोकांनी मुद्दाम डिवचून पाहिलं, तरी हात खिशातच. सोळा वर्षं. आज ज्याला आपण 'परब आता किती शांत झाला' म्हणतो, तो शांत वगैरे काही झालेला नव्हता. तो फक्त भीत होता.

मग खाणी बंद पडल्या, टिपर अंगणात उभ्या उभ्या गंजला, आणि काही वर्षांनी थोडीथोडी वाहतूक परत सुरू झाली तेव्हा गोकुळदासला डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या गेटवर, वजनकाट्यावर काम मिळालं. रोज सकाळी धारगळहून स्कूटर काढायची, अस्नोड्यावरून डिचोली गाठायची आणि त्या केबिनमध्ये बसायचं. केबिन आठ फूट बाय आठ फूट. समोर काटा, म्हणजे जमिनीत बसवलेली लोखंडी फळी. भरलेला टिपर तिच्यावर उभा राहिला की आत आकडा दिसतो. एकाने खिडकीतून गाडीचा नंबर बघायचा, चाकं सगळी फळीवर आहेत ना ते बघायचं, आणि दुसऱ्याने पावती काढायची. म्हणजे माणसं दोन लागतात. दुसरा माणूस सगुण होता.

सगुण गावडे सिंधुदुर्गातला, दोडामार्गाकडचा. बायको वारून सहा वर्षं झालेली, डिचोलीत भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा, सत्तेचाळीस वर्षांचा गोल चेहऱ्याचा माणूस. स्वभाव असा, की ज्याला शिव्या द्याव्या त्यानेच येऊन पाणी विचारावं. स्वतः रांधायचा आणि फार चांगलं रांधायचा. आणि खायचा.

आता हे खाणं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. सगुण जेवायला बसला की आधी डब्याचं झाकण उघडून नाकाने मोठा श्वास घ्यायचा, 'हाऽऽ' करून सोडायचा. पहिला घास तोंडात गेला की जीभ टाळूला लागून टक्क वाजायची. मग मच्याक मच्याक सुरू. कढी असेल तर वाटीला तोंड लावून फुर्रर्र, आणि शेवटचा घोट घशातून उतरताना गटक. मासळीचं डोकं असेल तर ते तो तोंडाने असं ओढायचा, की बाहेर काट्यावर उभा असलेला ड्रायव्हर खिडकीतून डोकावून बघायचा. जेवण झाल्यावर ढेकर, ढेकरेवर 'हरी हरी', आणि त्यावर पावतीच्या टाचणीने दात कोरणं. चार वर्षं रोज. गोकुळदासला पहिल्या आठवड्यातच त्याची मान दिसायला लागली होती. नुसती मान. पंजात बरोबर बसेल अशी.

त्यातही अंबाड्यांचे दिवस आले, की गोकुळदासच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पावसाळा सरता सरता अंबाडे, ती लिंबाएवढी आंबट फळं, पिकतात, आणि मग सगुणच्या डब्यात आठवड्यातून चार वेळा अंबाड्यांचं सासव. गूळ, मोहरी, ओलं खोबरं आणि सबंध अंबाडे. अंबाड्याला गर थोडा, बाठ, म्हणजे कोय, मोठी, आणि सगळी चव त्या बाठीच्या धाग्यांत. ती चोखावीच लागते, हे आम्हांला मान्य आहे. पण माणूस चोखून टाकून देतो! सगुण टाकत नसे. एक वाजता तोंडात घेतलेली बाठ तो साडेतीनपर्यंत वागवायचा. या गालातून त्या गालात, दातांवर टकटक, मग एक लांब सूंऽऽक. पावती काढताना सूंऽऽक. फोनवर साहेबाशी बोलताना सूंऽऽक. गोकुळदास दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा आणि मनातल्या मनात ती बाठ सगुणच्या गालातून मुठीने बाहेर काढायचा, दातांसकट.

त्याने आवरायचा प्रयत्न केला नाही असं नाही. कानात कापूस घालून पाहिला, तर ड्रायव्हरांच्या हाका ऐकू येईनात. बाहेर जाऊन जेवला, तर भातावर लाल धुळीची साय. सिद्धेश म्हणून तरणा सुपरवायजर होता, त्याच्याकडे बदली मागितली. "कारण काय लिहू?" सिद्धेशने विचारलं. "जेवताना आवाज करतो म्हणून लिहू?" आणि तो इतका हसला की गोकुळदासला तिथून लवकर निघावं लागलं, कारण आता हात खिशात राहीना. दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हर खिडकीतून विचारायला लागले, "परबानू, आज कितकी बाठी?"

एकदा तर त्याने सगुणलाच सांगितलं.

"सगुण, जेवताना आवाज कित्याक करतस रे?"

सगुण खरंच ओशाळला. "होय मरे? माका कळणा नाय. आमच्या घरात अकरा पोरां. जो वाजवन खाय नाय, तेका आवस विचारी, जेवण बरां जांवक नाय? म्हणान आमी सगळी वाजवन खाव."

"माज्या घरात वाजवन खाल्लां तर थोबाडीत बसता."

सगुण हसला. त्याला ती थट्टा वाटली. दोन दिवस तो तोंड मिटून जेवला, तिसऱ्या दिवशी विसरला.

थट्टा नव्हती. गोकुळदासला आपल्या घरच्या जेवणाचा अभिमान होता. सायली सहा वर्षांची असताना सोलकढी फुर्र करून प्यायली, तेव्हा त्याने एकच चपराक दिली होती. वाटी भिंतीवर, पोर खुर्चीखाली. शेवंती मध्ये पडली तर तिला ताट लागलं, कपाळाला तीन टाके. झालं, त्यानंतर चौदा वर्षांत त्या घरात जेवताना आवाज नाही. शेवंती जेवते, सायली जेवते, आणि डोळे मिटून बसलं तर घरात कोणी जेवतंय हे कळायचंसुद्धा नाही. याला वळण म्हणतात, असं तो काट्यावर कोणालाही सांगायचा.

शेवटी त्याला उपाय सापडला. टिपरांतून पडलेले खनिजाचे गोटे केबिनच्या मागे ढीग करून टाकलेले असायचे. कोणाचा तरी घण तिथेच पडला होता. एक वाजता भरणी थांबली, की गोकुळदास पाच मिनिटांत आपला डबा संपवायचा आणि मागे जाऊन गोटे फोडायचा. घण डोक्यावर न्यायचा आणि हाणायचा. एक, दोन, तीन. मोजायची त्याला सवय होती. मोजलं की आतला आवाज बुडतो. प्रत्येक गोट्याला त्याने मनात सगुणचं नाव दिलेलं. गोटा मधोमध उकलला, की आतून काळसर चकाकी दिसायची आणि त्याला बरं वाटायचं. चार वर्षांत मागे खडीचा ढीग झाला. सिद्धेशने तीच खडी नेऊन गेटपाशी पसरली आणि गोकुळदासला शाबासकी दिली. घाम पुसत आत आला की सगुण विचारायचा, "भाऊ, थकलंस? अंबाडो खातस?"

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दुपारचा एक. डबा संपवून गोकुळदास मागे गेला. आत सगुण सासवाची वाटी पुढ्यात घेऊन बसलेला. पहिल्या बाठीचा पहिला सूंऽऽक भिंतीतून आला आणि गोकुळदासने घण उचलला. त्या दिवशी गोटा कठीण होता. वीस, एकवीस, बावीस. घणाच्या आवाजात त्याला दुसरं काही ऐकू येत नव्हतं, आणि तेच तर त्याला हवं होतं.

एक रिकामा टिपर वळवून घेण्यासाठी मागे येत होता. ड्रायव्हर नवा. केबिनच्या मागे माणूस असतो हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्याचा मागचा भोंगा बिघडलेला. सगुणने तो मागच्या खिडकीतून बघितला. टिपराचा मागचा फाळका आणि गोकुळदासची वाकलेली पाठ यांत दोन हात अंतर राहिलं होतं. सगुण खिडकीच्या गजांना धरून, फुप्फुसं फाटतील एवढ्या जोराने ओरडला, "भाऊऽऽ! मागेऽऽ!"

गोकुळदासने उडी घेतली. चाक त्याच्या घणावरून गेलं, दांडा काडकन मोडला. ड्रायव्हर खाली उतरून हात जोडू लागला. गोकुळदास त्याच्याकडे बघतही नव्हता. केबिनमधून पुढचा काही आवाज येत नव्हता. सूंऽऽक नाही, टकटक नाही. तो दारात गेला.

सगुण उभा होता. दोन्ही हात गळ्याशी, तोंड उघडं, आणि तोंडातून श्वास ना आत ना बाहेर. चेहरा जांभळा होत चाललेला, डोळे बटबटीत. ओरडताना बाठ आत गेली होती. त्याने गोकुळदासकडे बघितलं आणि वळून आपली पाठ त्याच्यापुढे वाकवली.

चार वर्षं ती पाठ त्याने रोज बघितली होती. गोकुळदासचा हात वर गेला आणि त्याच क्षणी त्याला नारळ आठवला, घंटा आठवली. पण आता थांबलं तर माणूस मरतो. त्याने डाव्या हाताने सगुणची कॉलर धरली आणि उजव्या पंजाने पाठीत, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, रट्टा घातला. एक. सगुणच्या घशातून घर्र झालं. दोन. त्याचे गुडघे वाकले. तीन. बाठ गोळीसारखी सुटली, खिडकीच्या काचेवर टणकन लागली आणि पावतीपुस्तकावर पडून गरगर फिरली. सगुणने आत श्वास ओढला. लांब, ओला, मोठ्या आवाजाचा श्वास, फुर्रर्र.

तो आवाज ऐकला आणि गोकुळदासचा हात थांबला नाही.

चार. बरगडीत काहीतरी कडकन मोडलं. सगुणने एक हात मागे करून पंजा हलवला, पुरे, पुरे. गोकुळदासने तो बघितला. पाच. सहा. किती गोड वाटलं म्हणून सांगू! गोट्यावर हाणताना कधी नव्हतं वाटलं इतकं. सातवा रट्टा त्याने खांद्यापासून आणला, पायाच्या टाचा उचलून. सगुणचं तोंड मेजाच्या कडेवर आपटलं, पुढचा दात तुटला आणि सासवाच्या वाटीत रक्त पडलं.

तेवढ्यात ड्रायव्हर दारात आले. त्यांना काय दिसलं? जमिनीवर धापा टाकणारा सगुण, पावतीपुस्तकावर बाठ, आणि घामाने निथळणारा गोकुळदास. "वाचवलो रे! परबान वाचवलो!" एकाने गोकुळदासच्या पाठीवर थाप मारली. गोकुळदासने आपल्या पंजाकडे बघितलं. तो उघडत होता, मिटत होता. लुळा पडला नव्हता.

सगुण तीन आठवडे रजेवर गेला. दोन बरगड्या मोडल्या होत्या. डॉक्टर म्हणे बोलले, जीव वाचवताना बरगड्या मोडतात, त्यात काही विशेष नाही. सिद्धेशने केबिनपुढे छोटा समारंभ केला. शाल घातली आणि गोकुळदासच्या उजव्या हातात नारळ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हातात नारळ आला तेव्हा गोकुळदासला एवढं कापरं भरलं, की सिद्धेशला वाटलं माणूस गहिवरला. गावातही बातमी आधीच पोचली होती. ज्या देवळात शपथ झाली तिथलेच गावकर म्हणाले, "बघ, देवान तुज्या हाताचां सोनां केलां."

गोकुळदास रोज सकाळी उठल्या उठल्या हात बघायचा. पाच बोटं हलवून बघायची. पहिले तीन देवाच्या हिशेबी मारणं नव्हे, हे त्याला पटत होतं. पण पुढचे चार? देवाला प्रसाद लावून, कौल घेऊन विचारावं, असं दोनदा मनात आलं. मूर्तीला लावलेली फुलं उजवीकडून पडली तरी भीती, डावीकडून पडली तरी भीती. तो गेला नाही. त्याला आतून कुरतडत होतं, आणि तरीही हातांना ते चार रट्टे आठवले की सुख व्हायचं. या सुखाचीच त्याला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती.

चौथ्या सोमवारी सगुण आला. वजन उतरलेलं, वरचा एक दात नाही, बसताना कुशीला हात लावून बसत होता. सकाळभर गाड्या चालू होत्या, कामापुरतं बोलणं झालं. एक वाजला. सगुणने डबा काढला.

त्याने झाकण उघडलं. श्वास घेतला नाही. खुर्ची थोडी फिरवून भिंतीकडे तोंड केलं, लहान लहान घास घेतले, ओठ घट्ट मिटून चावले, आणि प्रत्येक घासाआधी तिरप्या नजरेने गोकुळदासचा उजवा हात कुठे आहे ते बघितलं. कढी त्याने भातावर ओतून घेतली, वाटीला तोंड लावलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा केबिनमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता. गोकुळदासने याच शांततेसाठी काय काय केलं होतं! आता ती मिळाली तर त्याने हातातला घास परत डब्यात ठेवला.

"सगुण," तो म्हणाला, "बरो जेव रे."

"जेवतंय मरे."

"असो नाय. पयल्यासारखो."

सगुणने घास गिळला, पाणी प्यायला, तेही आवाज न करता. मग भिंतीकडे बघतच बोलला. "भाऊ, बाठ तिसऱ्याक सुटलेली."

गोकुळदासने दोन्ही हात मांडीखाली घातले.

"माका श्वास इललो. मी हात केलंय तुका, पुरे म्हणान. तू बघितलंस."

"बघितलंय," गोकुळदास म्हणाला. "मगे कोणाक सांगूक नाय कित्याक? शाल घातल्यानी माका. तू सांगलं असतंस तर गावान माका देवळात उभो केलो असतो."

"काय सांगतलंय? तुजो हात नसतो तर पयले तीनय नसते." सगुणने डबा बंद केला. अर्धा भात तसाच होता. "मी आता संभाळून जेवतंय. तुका त्रास जावचो नाय."

तो हे रागाने बोलला असता तर गोकुळदासला सोसलं असतं. पण तो समजूत घालत होता. दार लावून घेतलेल्या घरात बायकोने नवऱ्याशी बोलावं तसं. हा आवाज आपण कुठेतरी ऐकलाय, रोज ऐकतो, असं गोकुळदासला वाटलं. कुठे ते मात्र लक्षात येईना.

संध्याकाळी तो घरी आला. आठाला तिघं जेवायला बसली. शेवंतीने अंबाड्यांचं सासव केलं होतं. परसातल्या झाडाचे शेवटचे अंबाडे, पिकून पिवळे झालेले. सायली आता एकोणीस-वीस वर्षांची, म्हापशाला कॉलेजात जाणारी. ती त्याच्या समोर बसली, शेवंती उजवीकडे. जेवण सुरू झालं.

गोकुळदासने कान दिला. काही नाही. भात कालवला जात होता, घास उचलले जात होते, गिळले जात होते, आणि घरात पंख्याचा आवाज होता. त्याने मान न हलवता डोळे वर केले. सायलीने एक अंबाडा उचलला, ओठांपाशी नेला, आणि तिची नजर तिरपी झाली. ती त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती, घास घ्यायच्या आधी, सगुणने बघितलं होतं तशीच. मग तिने वरवरचा गर दातांनी हलकेच काढला आणि बाठ ताटाच्या कडेला ठेवून दिली. बाठीला धाग्यांत सगळा रस तसाच होता. शेवंतीच्या ताटात तशाच दोन बाठी होत्या. चौदा वर्षं या घरातून अंबाड्यांच्या बाठी न चोखता फेकल्या जात होत्या, आणि तो काट्यावर बसून वळणाच्या गप्पा मारत होता.

शपथेतला तो एक शब्द त्याला आठवला. परका. सगुणसाठी देवाला भ्यायला होता तो. या दोघींसाठी कोणाला भ्यायचं, हे कोणी त्याच्याकडून म्हणवून घेतलंच नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

काय करावं ते त्याला सुचेना. बोलायची सवय नव्हती. त्याने आपल्या ताटातला अंबाडा उचलला, तोंडात घातला आणि गाल आत ओढून, सगुणसारखा, मोठ्याने चोखला. सूंऽऽक.

दोघींचे हात जागच्या जागी थांबले.

"चोखा गे," तो म्हणाला. आवाज त्याच्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला. "बाठ चोखा. मी काय करूचंय नाय."

कोणी अंबाडा उचलला नाही. सायलीने डोळे ताटात घातले. बाठ तोंडातून काढून ठेवायला गोकुळदासने उजवा हात उचलला, आणि शेवंतीने, त्याच्याकडे न बघता, पोरीची खुर्ची हळूच मागे ओढली, त्याचा हात पोचणार नाही एवढी.